मिस्त्रीणबाईंची वही

“मिस्त्री, बाई कधी यायच्यात?” पहारेकऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं.

“येईल पाचपर्यंत.”

“नाही म्हणजे, वरचे लोक खाली येऊन माझंच डोकं खातात. सकाळपासून नळाला थेंब नाही. तुम्हीच बघा ना जरा.”

“बघतोच आहे.”

“तुम्ही बघताय हो, पण मोटर तुमच्याकडे बघायला तयार नाही,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

मी पंपाच्या खोलीत उकिडवा बसलो होतो. मोटर सुरू केली की दोन-तीन सेकंद घुमायची आणि स्टार्टर खाडकन पडून बंद व्हायची. कॅपॅसिटर बदलून झाला होता. दांडा हाताने फिरवून पाहिला होता. वायरी एकेक ओढून पाहिल्या होत्या. मग मी नेहमी करायचो तेच केलं. हत्यारं पुसून एका ओळीत लावली आणि बायकोची वाट बघत बसलो.

शनिवार होता. शनिवारी दुपारी तंत्रशाळेत तिचा वर्ग असायचा. साडेचारला सुटायचा, तिथून ती थेट कामावर यायची.

पावणेचारला फोन वाजला. तिच्या निदेशक बाईंचा होता. तंत्रशाळेत शिकवणाऱ्यांना निदेशक म्हणतात. या बाई माझ्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील.

“काका, तुम्ही लगेच निघा. काकू चक्कर येऊन पडल्या. आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात आणलंय.”

मी काय बोललो ते मला जसंच्या तसं आठवतं. मी म्हणालो, “बरं. मग कधी मोकळी होईल ती? इथे मोटर अडलीय.”

त्या म्हणाल्या, “काका, मोटर राहू द्या.”

मी पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी अजूनही बरंच सांगितलं, मी मान हलवत राहिलो. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याला काळ्या टेपचा तुकडा चिकटलेला होता. तो काढावा की राहू द्यावा हे मला ठरवता येईना.

खिडकीपलीकडच्या कारकुनाने कागद पुढे ओढला. वय विचारलं. मी शेहेचाळीस म्हणालो.

“व्यवसाय?”

“गृहिणी.”

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या निदेशक बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कारकुनाने लिहिलं, मी सही केली.

मी परवानाधारक वायरमन आहे. सव्वीस वर्षं. परवाना चौकटीत घालून दुकानात लावलेला आहे, म्हणजे होता. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एकदा मी पंख्याची मोटर भरत, म्हणजे आतली जळलेली तार काढून नवी गुंडाळत बसलो होतो. केसाएवढी बारीक तार, सारखी तुटत होती. ती पलीकडे भांडी पुसत होती. तिसऱ्यांदा तार तुटल्यावर मी शिवी हासडली. ती हात पुसत आली आणि म्हणाली, “सरका जरा.”

मी सरकलो. तेव्हापासून मोटर भरायला मी बसलोच नाही.

ती डावखुरी होती. दोन वायरी जोडताना त्यांना पकडीने पीळ द्यावा लागतो. सगळे मिस्त्री उजवीकडे पिळतात, कारण सगळ्यांचा हात उजवा. तिचा पीळ डावीकडे जायचा. पहिल्यांदा मी ओरडलो होतो, “उलटं होतंय!”

“सुटतोय का जोड?”

मी ओढून पाहिला. “नाही.”

“मग?”

मी “चालेल” म्हणालो.

पुढे पुढे अशी वाटणी झाली की कामं आणायची मी, शिडीवर चढायचं मी, भिंत फोडायची, नळ्या टाकायच्या मी. जोड तिचे, बोर्ड तिचा, मोटर तिची. बिघाड शोधायचा म्हटलं की तीच. मोटरीच्या अंगाला पालथा हात लावून उभी राहायची आणि मालकाला सांगायची, “दोन मिनिटं बोलू नका हो. तिचं ऐकू द्या, तुमचं नंतर ऐकते.” मालक गप्प बसायचे. बाजारात तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. कौतुक होतं आणि थोडी थट्टाही.

कागदावर मात्र मी. नियमच तसा आहे. काम झालं की तपासणीचा अहवाल द्यावा लागतो आणि त्याच्या शेवटी छापलेलं असतं, “हे काम मी स्वतः केले असून तपासले आहे.” खाली परवानाधारकाची सही. मी घरी बसून सह्या केल्या. काही जागा तर मी डोळ्यांनी पाहिलेल्याही नव्हत्या. तिने सांगितलं झालं, की माझ्यासाठी झालं. त्यात काही चूक आहे असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं. चष्मा माझा आणि डोळे तिचे, असं ती हसून म्हणायची.

निदेशक बाई दीड वर्षापूर्वी शाळेसाठी तार घ्यायला आमच्या दुकानात आल्या होत्या. तिला मोटर भरताना पाहून त्या तिथेच खुर्ची ओढून बसल्या. पाऊण तास बसल्या. मग त्यांनी सांगितलं की शाळेत नवीन वर्ग सुरू होतोय. शाळा न शिकता वर्षानुवर्षं काम केलेल्या लोकांसाठी. एक वर्ष शनिवार-रविवार यायचं, मग परीक्षा, मग स्वतःच्या नावाचा परवाना.

“काकू, तुम्ही का येत नाही?”

“मी? अहो, माझं वय बघा.”

“मी वय बघत नव्हते. हात बघत होते.”

ती गेली. वर्गात अठरा जण होते. त्यातले सहा कोवळे, नुसतं काम शिकायला आलेले, बाकीचे बारा तिच्यासारखे. कुणी दुकानदाराची बायको, कुणी बहीण, एक तर साठीला आलेला गृहस्थ, तीस वर्षं थोरल्या भावाच्या नावावर काम केलेला. पहिल्या दिवशी ती घरी आली ती चपला न काढताच दुकानात शिरली.

“अहो, आपण करतो ना ते, त्या प्रत्येकाला नाव आहे!”

“असणारच.”

“आणि तुम्ही मला अर्थिंग चुकीचं शिकवलंय.”

“एवढ्या वर्षांत कोण मेलं त्याने?”

“नशीब त्यांचं,” ती म्हणाली आणि पोट धरून हसली.

मला ते हसू आवडलं नव्हतं.

परवान्यासाठी अनुभवाचा पुरावा लागायचा, किमान सात वर्षांचा. त्यासाठी शाळेने प्रत्येकाला एक लांबट वही दिली होती. एका पानावर एक काम. कुठे, कधी, काय केलं, कोणता भाग कुणी केला, काय बिघाड होता. खाली दोन ओळी. एक परवानाधारकाच्या सहीची, दुसरी जागेच्या मालकाच्या सहीची. रोज जेवण झालं की ती टेबलापाशी बसायची आणि आठवून आठवून लिहायची. चार महिन्यांत एकशे अठरा पानं भरली. मग एके दिवशी दुपारी वही माझ्यापुढे ठेवली.

“सही करता का?”

मी चाळली. सगळं खरं होतं. तीच तर अडचण होती. या एकशे अठरा पानांवर सही करायची, म्हणजे माझे एकशे अठरा अहवाल खोटे होते असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. परवाना गेला असता.

“बघू,” मी म्हणालो.

आठवड्याने तिने विचारलं, “बघितलंत का?”

“बघतो म्हटलं ना.”

मग तिने तोंडाने विचारणं सोडलं. सकाळी वही टेबलावर असायची आणि वहीवर पेन. मी पेन उचलून खिशात टाकायचो आणि कामाला निघून जायचो. दुसऱ्या दिवशी वहीवर दुसरं पेन. त्या दिवसांत आमच्या घरात पेन टिकत नव्हतं.

त्या शनिवारी सकाळी ती म्हणाली, “आज बाई वह्या बघणार आहेत. कोरीच नेऊ?”

“राहू दे आज. पुढच्या शनिवारी ने.”

तिने डबा भरला, माझा वेगळा काढून ठेवला आणि वही टेबलावर ठेवून गेली.

नंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. माझा पाय घरात ठरत नव्हता आणि बाहेरही ठरत नव्हता. दुकान उघडायचो, बंद करायचो. चालत चौकापर्यंत जायचो आणि कशाला आलो ते आठवायचं नाही. जेवायला बसलो की उठायचो, नळ चालू आहे का बघायला. नळ बंदच असायचा. ती पंपाची मोटर दुसऱ्या कुणीतरी दुरुस्त केली. काय बिघाड होता ते मी विचारलं नाही.

लोक मोटरी घेऊन येत. मी ठेवून घ्यायचो. उघडून बसायचो. बोटांना तार धरवत नव्हती, तुटायचीच. दुसऱ्या दिवशी मोटर पोत्यात घालून परत नेऊन द्यायचो आणि सांगायचो, “सध्या जमत नाही.” लोक म्हणायचे, “साहजिक आहे मिस्त्री.” त्यांना वाटायचं दुःखामुळे. मला येतच नव्हतं हे त्यांना कसं सांगणार?

तीन आठवड्यांनी निदेशक बाई आल्या. तिचा कामाचा निळा कोट, पकड आणि चष्म्याची डबी घेऊन. मुलगी तेव्हा माझ्याकडेच होती. तिने चहा दिला आणि आत गेली.

“काका, वहीचं विचारायचं होतं,” बाई म्हणाल्या.

“काय आता वहीचं.”

“सह्या केल्यात का तुम्ही?”

“नाही.”

त्यांनी कप खाली ठेवला. “कुणीच केल्या नाहीत. बाकीच्या अकरा जणांच्याही वह्या कोऱ्या आहेत. नवरे करत नाहीत, भाऊ करत नाहीत. सगळ्यांना परवान्याची भीती. मी परवाना मंडळात जाऊन आले. ते म्हणतात, आम्हाला एक तरी वही पूर्ण तपासलेली दाखवा, म्हणजे तिच्या नमुन्यावर बाकीच्यांचं ठरवता येईल. नाहीतर अनुभवाचा पुरावा नाही म्हणून हा वर्गच पुढच्या वर्षी बंद.”

“मग त्या अकरांतली एखादी घ्या.”

“काकूंची सगळ्यात पक्की होती. तारखा, वायरीची जाडी, सगळं.”

“ती गेली, बाई.”

“वही आहे ना काका.”

त्या गेल्यावर मुलगी बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

“बाबा, आईला आता परवाना मिळणार आहे का?”

“नाही.”

“मग तुमचा कशाला घालवायचा? दुकान बंद पडलं तर करणार काय?”

“दुकान कुठे चालू आहे?”

“होईल हळूहळू. कुणीतरी मदतीला ठेवा. त्या बाईंचं काय जातंय सांगायला. आणि करायचीच होती सही, तर तेव्हा करायची होती ना, आई होती तेव्हा—”

ती थांबली. जीभ चावली. ती उगाच टेबलावरचे कप उचलून आत घेऊन गेली. आत नळ बराच वेळ वाहत होता. मग तिथूनच तिने विचारलं, “अजून थोडा चहा टाकू?”

“टाक,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी वही काखेत मारून निघालो. सही करायला नव्हे. मला त्या वहीत एक खोटं सापडायला हवं होतं. एक तरी काम असं, जे तिने स्वतःचं म्हणून लिहिलंय आणि होतं माझं. म्हणजे मला म्हणता आलं असतं, बघा, दोघांचं मिळून होतं, त्यात काय वेगळं करायचं.

पहिल्यांदा पावाच्या भट्टीत गेलो. मालक पिठाने पांढरा झालेला.

“मिस्त्री! आज कुठली वाट चुकलात?”

“बोर्ड बघायचाय.”

“नऊ वर्षं झाली, एकदा फ्यूज गेला नाही. कशाला उघडता? चांगलं चाललेलं बघवत नाही का?”

मी मेन बंद करून झाकण काढलं. आत सगळे पीळ डावीकडे. एका मापाचे, एका उंचीचे. मी झाकण लावलं.

मग कपडे धुण्याचं दुकान. डावीकडे. मग छापखाना, मग मुलांच्या शाळेतलं सभागृह. डावीकडे, डावीकडे. चार दिवस मी असा फिरत होतो. लोकांना वाटलं असेल, म्हातारा बिथरला. आतापर्यंत या कामांना मी माझी कामं म्हणत आलो होतो. वायरींच्या एकाही डब्यात माझा हात दिसत नव्हता.

पाचव्या दिवशी मी शिंप्याच्या दुकानात गेलो. ते काम मला स्पष्ट आठवत होतं, कारण त्या वेळी ती आजारी होती आणि जोड मी केले होते. मनात म्हटलं, आता सापडलीस. वहीतलं पान काढलं. पान एकतीस. तिने लिहिलं होतं, “भिंतीतले तीन जोड यांनी केले, मला ताप होता. बोर्ड मी बसवला. एक जोड सैल होता तो पुन्हा केला.”

मी भिंतीतला डबा उघडला. तीन जोड होते. दोन उजवीकडे पिळलेले. तिसरा डावीकडे.

“काय झालं मिस्त्री?” शिंप्याने विचारलं. “काही जळलंय का?”

“नाही. नीट आहे.”

“मग तोंड का असं?”

“माझा एक जोड सैल होता.”

“आता आहे का?”

“नाही. तिने तेव्हाच केला नीट. मला सांगितलं नाही.”

शिंप्याने यंत्र थांबवलं आणि त्याचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. त्याच्याकडे पेन मागितलं. त्याच्याकडे पेन नव्हतं, कापडावर खुणा करायचा खडू होता. शेवटी त्याने शेजारच्या दुकानातून पेन आणून दिलं. तिथे बसून मी एकशे अठरा पानांवर सही केली. तास लागला. शिंपी मधे मधे म्हणत होता, “पाणी घ्या,” आणि मी घेत होतो.

परवाना मंडळाच्या कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर एक अधिकारी बसतात. चष्मा कपाळावर, फायलींच्या मागे अर्धे. निदेशक बाई माझ्याबरोबर आल्या होत्या. अधिकाऱ्यांनी वही उलटसुलट चाळली, माझं निवेदन दोनदा वाचलं.

“म्हणजे मिस्त्री, तुमचे हे सगळे अहवाल खोटे?”

“काम खोटं नाही साहेब. सही खोटी.”

“कायद्यात दोन्ही एकच.” त्यांनी निवेदनाला जोडलेला आणखी एक कागद काढला. “आणि हा मृत्यूचा दाखला. व्यवसाय, गृहिणी. माहिती देणाऱ्याची सही तुमची. इकडे म्हणताय एकशे अठरा कामं केली, तिकडे म्हणताय घरी होत्या. मी कुठलं खरं धरू?”

“ते पण मी खोटंच सांगितलं.”

“मग तुम्ही खरं कधी सांगता हो?”

“आत्ता,” मी म्हणालो.

निदेशक बाई खाली बघत होत्या. अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे जरा नीट पाहिलं.

“हे मी दाखल करून घेतलं तर तुमचा परवाना आजच जमा करावा लागेल. सुनावणी होईपर्यंत निलंबित. सुनावणीत काय होईल ते मी सांगू शकत नाही. अजूनही कागद परत घेता येईल. मी काही पाहिलं नाही असं समजेन.”

मी पिशवीतून चौकट काढली. घरून निघताना भिंतीवरूनच उतरवून आणली होती. त्यांच्या टेबलावर ठेवली.

“चौकट नको, कागद द्या फक्त,” ते म्हणाले.

चौकटीच्या मागचे खिळे गंजले होते. निघेनात. पेन्सिलीच्या टोकाने, किल्लीने, सगळं करून पाहिलं. अधिकारीही उठून मदतीला आले. शेवटी निदेशक बाईंनी पर्समधून पकड काढली आणि चारही खिळे उपसले. काचेखाली सव्वीस वर्षं राहिल्याने कागदावरचा माझा फोटो काचेला चिकटला होता. तो अर्धा काचेवरच राहिला.

“आता ऐका,” अधिकारी म्हणाले. “त्या वेळी तुमचा परवाना चालू होता, म्हणून तुमची सही धरता येईल. पण तुम्हीच म्हणताय की तुम्ही खोट्या सह्या करता. तेव्हा नुसत्या तुमच्या सहीवर भागणार नाही. दुसऱ्या ओळीवर मालकाची सही हवी. त्याने डबा उघडून बघायचा आणि लिहून द्यायचं की काम बाईंनी केलं.”

“एकशे अठरा ठिकाणी?”

“एकशे अठरा. परीक्षेच्या अर्जांची मुदत दोन महिने आहे. त्याच्या आत ही वही पूर्ण आली, तर बाकीच्या अकरांना याच पद्धतीने बसवता येईल. नाही आली, तर माझ्याकडे दाखवायला काही नाही. आणि एक लक्षात ठेवा, आजपासून तुम्ही स्वतः बोर्डाला हात लावायचा नाही.”

“मग उघडणार कोण?”

“तो तुमचा प्रश्न आहे,” ते म्हणाले. मग चष्मा पुन्हा कपाळावर ढकलून म्हणाले, “आमच्या घरचा मिक्सर तुमच्याच दुकानात नीट करून घेतला होता. तुमच्या बाईंनी दिला होता करून. चांगला चालतोय अजून.” आणि पुन्हा फायलीत डोकं घातलं.

तेव्हापासून मी फिरतो आहे. मालकाला सांगतो, मेन बंद करा, आता हे चार स्क्रू काढा, झाकण धरा, पडेल. मी हात मागे बांधून उभा राहतो. हात आपोआप पुढे जातात म्हणून बांधावे लागतात. मालकाला पीळ दाखवतो. शेजारी दुसऱ्या मिस्त्रीने केलेला जोड असला तर तोही दाखवतो. लहान मुलालाही फरक कळतो.

सगळे सही देत नाहीत. एका दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, “मी असं कसं लिहून देऊ? काम तुमच्या नावावर दिलं होतं. त्या फक्त तुमच्याबरोबर यायच्या ना?”

“डॉक्टर, मी त्या कामाला आलोच नव्हतो.”

“अहो, मग तर मुळीच देणार नाही! माझ्या दवाखान्यात बिनपरवान्याच्या माणसाने काम केलं असं मीच लिहून देऊ?”

त्यांचंही खोटं नव्हतं. मी पुन्हा जाणार आहे त्यांच्याकडे.

धुण्याच्या दुकानातल्या बाईंनी मात्र मला बोलूही दिलं नाही. स्वतः पेचकस आणून चारही स्क्रू काढले. “मला शिकवलंय तुमच्या बाईंनी,” त्या म्हणाल्या. “माझा हात धरून मोटरीला लावला होता, असा, पालथा. म्हणाल्या, एवढी तापली की बंद करायची, मिस्त्रीला बोलवायचं नाही, तासभर थांबायचं. मी म्हटलं, अहो, मग तुमचा धंदा कसा चालायचा? तर म्हणे, तो यांच्या नावाचा आहे, यांनी बघावं.” आणि त्या हसता हसता डोळे पुसायला लागल्या. सही करताना त्यांनी नुसती सही केली नाही. वर दोन ओळी लिहिल्या, “मी समोर उभी होते. काम बाईंनीच केले.”

पान सहासष्टची इमारत आता नाही. तिथे पत्रे लावलेलं मोकळं मैदान आहे. जुना मालक कुठे राहायला गेला ते विचारत मी दोन दिवस घालवले. तो सापडला, मुलाकडे असतो. त्याला आता कुणी ओळखू येत नाही. त्याच्या सुनेने मला बसवलं, पाणी दिलं. म्हातारा माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “मिस्त्रीणबाई नाही आल्या?” एवढं म्हणाला. त्यावर सही होत नाही. ते पान मी खूण घालून ठेवलं आहे, अधिकाऱ्यांना विचारायचं.

अकरांपैकी तिघं-चौघं कधी कधी माझ्याबरोबर येतात. भावाच्या नावावर काम केलेले ते गृहस्थ परवा म्हणाले, “मिस्त्री, माझ्या भावाला भेटाल का एकदा? माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल.” मी भेटलो. भाऊ म्हणाला, “बघू.”

मी त्याच्या टेबलावर एक पेन ठेवून आलो.

मुलगी रोज संध्याकाळी फोन करते. आधी विचारायची, जेवलात का. आता विचारते, आज किती झाल्या. काल तीन झाल्या. आज सकाळपासून एकच.

सत्तेचाळीस पानांवर दोन्ही सह्या आहेत. मुदत संपायला एकोणीस दिवस उरलेत. एकाहत्तर पानं राहिली आहेत.